कृष्णधवलाकडून रंगाकडे : विल्यम एगल्स्टन यांचे माध्यमांतर आणि वर्णविचाराची तौलनिक मांडणी

१

एखाद्या छायाचित्रकाराने कृष्णधवल चित्रे घेण्याचे सोडून रंगीत चित्रे घेऊ लागावे, ही घटना वरकरणी साधनबदलाची वाटते. कॅमेऱ्यातील एक फिल्म जाऊन दुसरी आली, एवढाच तिचा अर्थ लावला जातो. परंतु एखाद्या कवीने आपली लेखनभाषा बदलली, तर समीक्षक त्या घटनेकडे इतक्या सहजपणे पाहत नाही. जुन्या भाषेत जे म्हणता येत नव्हते ते नव्या भाषेत म्हणता आले काय, आणि जुन्या भाषेत जे सहज म्हणता येत होते ते नव्या भाषेत हरवले काय, असे दोन प्रश्न तो विचारतो. हेच दोन प्रश्न छायाचित्रकाराच्या माध्यमांतराला लावून पाहणे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे. त्यासाठी अमेरिकन छायाचित्रकार विल्यम एगल्स्टन यांचे उदाहरण मध्यवर्ती घेतले असून, त्याच्या तुलनेत गॉर्डन पार्क्स, रघुबीर सिंग आणि भोपाळ दुर्घटनेची दोन छायाचित्रे यांचा विचार केला आहे.

तौलनिक साहित्याभ्यासात दृश्यकलांचा विचार बहुधा प्रभावाच्या किंवा समांतरतेच्या अंगाने होतो. चित्र व कविता यांतील साम्यस्थळे नोंदवली की तुलना पूर्ण झाली असे मानले जाते. येथे तुलनेची दिशा थोडी निराळी आहे. रंगाविषयीची मूल्यव्यवस्था ही प्रत्येक संस्कृतीत भाषेने आणि काव्यशास्त्राने घडवलेली असते. त्यामुळे रंगीत छायाचित्राचा अर्थ निश्चित करताना त्या त्या भाषेतील वर्णविचार बाजूला ठेवता येत नाही, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

एगल्स्टन यांचा जन्म १९३९ मध्ये मेम्फिस येथे झाला आणि त्यांचे बालपण मिसिसिपी राज्यातील समनर या लहानशा गावात गेले. हेन्री कार्तिये-ब्रेसाँ यांच्या ‘द डिसायसिव्ह मोमेंट’ (१९५२) या पुस्तकाचा त्यांच्यावर आरंभी खोल परिणाम झाला. त्यांची सुरुवातीची चित्रे कृष्णधवल आहेत. ही चित्रे बऱ्याच उशिरा, २०१० मध्ये ‘बिफोर कलर’ या नावाने ग्रंथरूपात आली. ती पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. नंतरच्या रंगीत चित्रांतील विषय येथे आधीच हजर आहेत : उपाहारगृहे, मोटारी, दुकाने, रस्त्यावरून जाणारी माणसे. तेव्हा रंगाने एगल्स्टन यांना विषय दिले, असे म्हणता येणार नाही. रंगाने त्या विषयांचे परस्परसंबंध बदलले.

१९६५ च्या सुमारास त्यांनी रंगीत फिल्म वापरण्यास प्रारंभ केला. मेम्फिसमधील एका सुपरमार्केटच्या बाहेर सामानाच्या ढकलगाड्या रेटणारा एक तरुण, हे त्यांचे पहिले यशस्वी रंगीत चित्र मानले जाते. उतरत्या उन्हाचा सोनेरी प्रकाश तरुणाच्या केसांवर आणि चेहऱ्यावर पडला आहे व त्याची सावली मागच्या भिंतीवर उमटली आहे. कार्तिये-ब्रेसाँ यांच्या अर्थाने येथे ‘निर्णायक क्षण’ नाही. ढकलगाडी आणखी दोन पावले पुढे गेली असती तरी घटनेत काही फरक पडला नसता. फरक पडला असता तो प्रकाशात. क्षणाचे निर्णायकत्व घटनेकडून वर्णाकडे सरकले, हा या माध्यमांतराचा पहिला परिणाम होय.

दुसरा परिणाम मुद्रणतंत्राशी निगडित आहे. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी एगल्स्टन यांनी ‘डाय ट्रान्सफर’ ही पद्धत स्वीकारली. या पद्धतीत मूळ चित्राचे तीन वर्णांत पृथक्करण केले जाते, त्यांवरून जिलेटिनचे तीन साचे बनविले जातात, आणि प्रत्येक साचा आपापला रंग शोषून तो एकामागून एक कागदावर उतरवितो. प्रत्येक रंगाची गडदता स्वतंत्रपणे राखता येत असल्याने ही पद्धत खर्चिक होती आणि प्रामुख्याने जाहिरातींसाठी वापरली जाई. कलाक्षेत्राने ज्या रंगाला बाजारू म्हणून नाकारले होते, त्याच बाजाराचे सर्वांत महागडे तंत्र एगल्स्टन यांनी सर्वांत सामान्य वस्तूंसाठी वापरले. आशय आणि तंत्र यांच्या दर्जांतील ही जाणीवपूर्वक विसंगती त्यांच्या शैलीचा गाभा आहे.

१९७३ मध्ये ग्रीनवुड येथे घेतलेले तांबड्या छताचे चित्र या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. छत पूर्णपणे लाल, मधोमध उघडा दिवा, आणि त्याच्याकडून निरनिराळ्या दिशांना गेलेल्या पांढऱ्या तारा. हे चित्र कृष्णधवलात उतरविल्याची कल्पना केली तर लालाच्या जागी गडद करडा रंग येईल आणि चित्राचा विषय दिवा व तारा हा ठरेल. रंगीत चित्रात मात्र दिवा गौण असून लाल हाच विषय आहे. व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे तर कृष्णधवलात जे विशेषण म्हणूनही उरले नसते, ते येथे नाम झाले आहे.

३

२५ मे १९७६ रोजी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये एगल्स्टन यांचे प्रदर्शन सुरू झाले आणि ‘विल्यम एगल्स्टन्स गाइड’ हे पुस्तक त्यासोबत प्रसिद्ध झाले. या संग्रहालयातील हे पहिलेच रंगीत छायाचित्र प्रदर्शन असल्याचे अनेकदा लिहिले जाते. ते खरे नाही. अर्न्स्ट हास यांच्या रंगीत चित्रांचे प्रदर्शन तेथे १९६२ मध्येच झाले होते. एगल्स्टन यांच्या प्रदर्शनाचे वेगळेपण पहिलेपणात नसून त्याभोवती झालेल्या वादात आहे.

संग्रहालयाच्या छायाचित्र विभागाचे प्रमुख जॉन झारकोव्स्की यांनी पुस्तकाच्या प्रस्तावनेत असा विचार मांडला की, आधीच्या रंगीत छायाचित्रांत रंग एकतर दुर्लक्षित राहतो किंवा केवळ शोभेचा ठरतो. एगल्स्टन मात्र वस्तू आणि तिचा रंग यांना एकच अनुभव मानतात. ही चित्रे ‘परिपूर्ण’ असल्याचे त्यांचे विधान ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे समीक्षक हिल्टन क्रेमर यांनी त्यांच्यावरच उलटवले : परिपूर्ण असलीच तर ती सपकपणात आणि कंटाळवाणेपणात, असा त्यांचा अभिप्राय होता. त्यापूर्वी १९६९ मध्ये वॉकर इव्हान्स यांनी रंगीत छायाचित्रण म्हणजे ग्राम्यता, असा निर्वाळा दिला होता. विशेष असे की, हेच इव्हान्स १९७३-७४ मध्ये पोलरॉइड कॅमेऱ्याने उत्साहाने रंगीत चित्रे घेत होते.

या वादात वापरलेली शब्दयोजना साहित्याच्या अभ्यासकाला परिचित वाटेल. ग्राम्यता हा भारतीय काव्यशास्त्रातही दोष मानला गेला आहे, आणि लोकभाषेत काव्यरचना करणाऱ्यांवर तो आरोप वारंवार झाला आहे. संस्कृताच्या तुलनेत देशी भाषांची जी स्थिती होती, तीच विसाव्या शतकाच्या मध्याला कृष्णधवलाच्या तुलनेत रंगाची होती : व्यवहारात सर्वत्र, प्रतिष्ठेत कोठेही नाही. कौटुंबिक अल्बम, जाहिराती, पर्यटकांची पोस्टकार्डे हे रंगाचे प्रांत होते. एगल्स्टन यांच्या माध्यमांतराला अमेरिकी समीक्षेने जे क्रांतीचे रूप दिले, त्याचे कारण या श्रेणीव्यवस्थेत शोधावे लागते.

४

तथापि ही श्रेणी मोडण्याचे श्रेय एगल्स्टन यांना देताना अमेरिकी समीक्षेने एक महत्त्वाचे पूर्वसूत्र दीर्घकाळ नजरेआड केले. कृष्णवर्णीय छायाचित्रकार गॉर्डन पार्क्स यांनी १९५६ मध्ये अलाबामा राज्यातील वंशभेदाचे जीवन रंगीत फिल्मवर टिपले होते. त्यांतील काही चित्रे ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या २४ सप्टेंबर १९५६ च्या अंकात आली. त्या मालिकेतील मोबील शहरातील एका दुकानाबाहेरचे चित्र आज सुपरिचित आहे. नीटस पोशाखातील एक कृष्णवर्णीय स्त्री आणि एक मुलगी दुकानाबाहेर उभ्या आहेत. वर लाल निऑन अक्षरांत त्यांच्यासाठी राखलेल्या प्रवेशद्वाराची पाटी आहे. त्या पाटीवरील ‘कलर्ड’ या शब्दाचा सरळ अर्थ ‘रंगीत’ असा होतो आणि तो माणसांना उद्देशून आहे. माणसाची प्रतिष्ठा नाकारण्यासाठी योजलेला शब्द आणि कलेची प्रतिष्ठा नाकारलेले माध्यम, हे दोन्ही या एका चौकटीत एकत्र आले आहेत.

पार्क्स यांनी येथे रंग का वापरला असावा, हे चित्रच सांगते. वंशभेदाची छायाचित्रे कृष्णधवलात पाहताना प्रेक्षक त्यांना नकळत भूतकाळात ढकलतो. कपड्यांचे ताजे रंग आणि पाटीचा झगझगीत लाल रंग ही सवलत देत नाहीत.

आता याच प्रदेशातील एका कृष्णधवल छायाचित्राकडे वळणे आवश्यक आहे. ऑगस्ट १९५५ मध्ये एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची मिसिसिपीत हत्या झाली. त्याच्या आईने शिकागो येथे शवपेटी उघडी ठेवण्याचा आग्रह धरला आणि छिन्नविच्छिन्न चेहऱ्याचे छायाचित्र ‘जेट’ या नियतकालिकाने छापले. आरोपींवरील खटला सप्टेंबर १९५५ मध्ये समनरच्या न्यायालयात चालला, आणि केवळ श्वेतवर्णीयांच्या ज्युरीने सुमारे तासाभराच्या विचारविनिमयानंतर आरोपींना निर्दोष ठरविले. हे समनर म्हणजे एगल्स्टन यांचे बालपणीचे गाव. त्या वेळी ते १६ वर्षांचे होते.

हा संदर्भ ठेवून ‘गाइड’मधील समनरचे चित्र वाचले तर त्याचा अर्थ बदलतो. वाळक्या पानांनी भरलेली जमीन, मागे पाणथळ, एक पांढरी मोटार. काळ्या सुटातील एक वयस्क श्वेतवर्णीय गृहस्थ, आणि त्यांच्या मागे काही अंतरावर पांढऱ्या कोटातील कृष्णवर्णीय माणूस. दोघांची उभे राहण्याची ढब एकच आहे. श्वेतवर्णीय गृहस्थ छायाचित्रकाराच्या नात्यातील आहेत, तर दुसरा माणूस त्या कुटुंबाचा सेवक. रंगीत फिल्मवर घेतलेल्या या चित्राचा विषय काळा आणि पांढरा हाच आहे. पण हे दोन वर्ण माणसांच्या कातडीवर एका क्रमाने आणि वस्त्रांवर उलट क्रमाने येतात. कृष्णधवल फिल्मवर हा उलटा क्रम केवळ छटांचा खेळ वाटला असता. भोवतालच्या तपकिरी व हिरव्या रंगांमुळे तो निवडीचा आणि म्हणून सामाजिक संकेताचा भाग ठरतो.

तरीही एक प्रश्न उरतो. या चित्रात साक्ष आहे काय? संग्रहालयाचे आद्य संचालक आल्फ्रेड बार यांनी एगल्स्टन यांच्या बहुतेक चित्रांची रचना केंद्रातून बाहेर पसरते असे निरीक्षण नोंदविले, तेव्हा आपली रचना कॉन्फेडरेट ध्वजावर आधारलेली असल्याचे उत्तर एगल्स्टन यांनी दिल्याचे झारकोव्स्की यांनी सांगितले आहे. गुलामगिरीच्या समर्थनार्थ लढलेल्या राज्यांचा हा ध्वज होता. हे उत्तर उपहासाचे की कबुलीचे, याचा निर्णय चित्रे देत नाहीत. पार्क्स यांचा रंग आरोप करतो. एगल्स्टन यांचा रंग आरोपीच्या घरात राहून ते घर दाखवितो. पहिल्यात नैतिक स्पष्टता आहे. दुसऱ्यात ती नाही. परंतु अन्याय हा अपवादात्मक प्रसंग नसून अंगण, मोटार आणि पाचोळा यांच्याइतका नित्याचा असतो, हे ज्ञान त्यात आहे. ‘साक्ष’ या शब्दाचा अर्थ निवाड्यापुरता मर्यादित ठेवला तरच एगल्स्टन तेथे अपुरे ठरतात.

याच संदर्भात कथालेखिका युडोरा वेल्टी यांचा उल्लेख करणे उचित ठरेल. १९३० च्या दशकात मिसिसिपीत सरकारी काम करताना त्यांनी घेतलेली कृष्णधवल छायाचित्रे ‘वन टाइम, वन प्लेस’ (१९७१) या पुस्तकात आली. पुढे एगल्स्टन यांच्या ‘द डेमोक्रॅटिक फॉरेस्ट’ (१९८९) या रंगीत चित्रसंग्रहाला त्यांनीच प्रस्तावना लिहिली. एकाच भूभागाच्या दोन दृश्यभाषा जाणणारी ही लेखिका त्या चित्रांतील नित्याच्या जगाला महत्त्व देते, हे अर्थपूर्ण आहे. घटनेपेक्षा स्थळाला बोलू देणे हे तिच्या कथांचेही वैशिष्ट्य आहे.

५

भारतीय संदर्भात हा प्रश्न पूर्णतः वेगळ्या रीतीने मांडला गेला. रघुबीर सिंग (१९४२-१९९९) यांनी आपले प्रमुख कार्य रंगातच केले. ‘रिव्हर ऑफ कलर’ (१९९८) या ग्रंथातील निबंधात त्यांनी असे प्रतिपादन केले की, पाश्चात्त्य कृष्णधवल छायाचित्रणामागे अपराधभाव, परात्मता आणि मृत्यूची जाणीव आहे. भारतीय दृष्टीला ती परकी असून, राजपूत व मुघल लघुचित्रांपासून भारतीय माणूस जगाचा अनुभव रंगातूनच घेत आला आहे. या विचारसरणीनुसार भारतीय छायाचित्रकाराला कृष्णधवलाकडून रंगाकडे जाण्याची गरजच नाही. तो मुळात रंगातच असतो. ‘बॉम्बे : गेटवे ऑफ इंडिया’ (१९९४) या त्यांच्या पुस्तकात दुकानांच्या काचा आणि प्रतिबिंबे यांतून मुंबईचे अनेक थर एकाच चौकटीत येतात, आणि ते एकमेकांपासून ओळखू येतात ते रंगांमुळे. त्या चित्रांपुरता हा सिद्धांत सार्थ आहे.

सर्वसाधारण सिद्धांत म्हणून मात्र तो दोन कारणांनी टिकत नाही. पहिले कारण सामाजिक आहे. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातून निघालेल्या तैलरंगी प्रतिमा घरोघर पोचल्या, आणि त्यांच्याच परंपरेतील कॅलेंडरचित्रांना शिक्षित अभिरुचीने उथळ ठरविले. म्हणजे रंगाविषयीची श्रेणीव्यवस्था भारतातही होती. तिचे आधार तेवढे भिन्न होते.

दुसरे कारण काव्यशास्त्रीय आहे आणि ते अधिक मूलगामी आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने रसांचे वर्ण सांगितले आहेत : शृंगाराचा श्याम, हास्याचा सित, करुणाचा कपोत, रौद्राचा रक्त, वीराचा गौर, भयानकाचा कृष्ण, बीभत्साचा नील आणि अद्भुताचा पीत. या यादीत सित आणि कृष्ण हे रंगाचा अभाव म्हणून येत नाहीत. रक्त आणि पीत यांच्या पंक्तीलाच बसतात. पारव्याचा राखी रंग, म्हणजे ज्याने कृष्णधवल छायाचित्राचा बहुतांश भाग व्यापलेला असतो, तो करुणाचा वर्ण आहे. तेव्हा करड्या छटांतील शोक भारतीय दृष्टीला परका असल्याचे विधान भरताच्या साक्षीने टिकणारे नाही. ‘कृष्णधवल विरुद्ध रंगीत’ हे द्वंद्वच मुळी फिल्मच्या रसायनातून जन्मले आहे. मराठीतील ‘सावळा’ हा शब्द याची साक्ष देतो. विठ्ठलाचे सावळेपण ही काळ्याची फिकट छटा नव्हे. तो स्वतंत्र आणि प्रेमाचा वर्ण आहे. ‘रंगणे’, ‘रंग भरणे’, ‘रंगाचा बेरंग होणे’ या प्रयोगांत रंग हा वस्तूचा गुण नसून अनुभवाची अवस्था आहे.

६

या चर्चेची कसोटी भोपाळच्या दोन छायाचित्रांवर लागते. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून झालेल्या विषारी वायुगळतीनंतर एका अनोळखी बालकाच्या दफनाचे चित्र रघू राय यांनी कृष्णधवलात घेतले आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगात. बार्थोलोम्यू यांच्या चित्राला १९८४ चा वर्ल्ड प्रेस फोटो पुरस्कार मिळाला. राय यांचे चित्र पुढे भोपाळच्या न्यायाच्या मागणीशी कायमचे जोडले गेले.

कृष्णधवल चित्रात माती आणि बालकाचा चेहरा एकाच राखी छटेत मिसळतात. चेहरा मातीतून घडवल्यासारखा भासतो. भट्टनायकाच्या परिभाषेत येथे साधारणीकरण घडते : ते विशिष्ट बालक न राहता करुणाचा आलंबन होते. रंगीत चित्रात हे मिसळणे पूर्ण होत नाही. माती मातीच्या रंगाची राहते, कातडी कातडीच्या रंगाची. शोक त्या दिवसाशी, त्या जमिनीशी बांधलेला राहतो.

येथे सौंदर्यशास्त्रीय प्रश्न नैतिक होतो. साधारणीकरणात व्यक्तिविशेष गळून पडतात. मग दोषी कोण, हा विशेषही गळून पडण्याचा धोका असतो. जो शोक सर्वांचा झाला, त्याला उत्तरदायी असा कोणी उरत नाही. या तर्काने रंगीत चित्र अधिक न्याय्य ठरावयास हवे. प्रत्यक्षात मात्र न्यायाच्या आंदोलनाने राय यांचे कृष्णधवल चित्र आपले मानले. याचा अर्थ असा की, साधारणीकरणाने पुसलेले विशेष प्रेक्षकसमूह आपल्या स्मृतीने पुन्हा भरून काढू शकतो. ‘जेट’मधील छायाचित्राबाबतही हेच घडले. आईने शवपेटी उघडी ठेवली आणि वाचकांनी त्या चित्राला नाव, गाव आणि आरोप पुरविला. छायाचित्राची साक्ष त्याच्या वर्णात पूर्णपणे सामावलेली नसते. ती वाचणाऱ्या समूहाकडूनही येते.

७

उपरोक्त विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. एक, कृष्णधवलाकडून रंगाकडे होणारे संक्रमण म्हणजे अपूर्णाकडून पूर्णाकडे झालेली प्रगती नव्हे. ते भाषांतरासारखे असून त्यात लाभ व हानी दोन्ही संभवतात. एगल्स्टन यांनी नित्याचे जग मिळविले आणि निर्णायक क्षण सोडून दिला. दोन, या संक्रमणाला मिळालेले क्रांतीचे रूप एका विशिष्ट अभिरुचिव्यवस्थेची निर्मिती आहे, आणि ती व्यवस्था पार्क्स यांच्यासारख्या पूर्वसूरींना वगळून उभी राहिली. तीन, रघुबीर सिंग यांनी या व्यवस्थेला दिलेले उत्तर आवश्यक होते; पण त्यांनी पाश्चात्त्य द्वंद्व केवळ उलटे केले. भरताची वर्णव्यवस्था ते द्वंद्वच अमान्य करण्याची शक्यता देते.

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने ही शेवटची शक्यता महत्त्वाची आहे. भारतीय काव्यशास्त्र आधुनिक माध्यमांना लावताना बहुधा त्याचा उपयोग अस्मितेच्या समर्थनासाठी होतो. येथे त्याचा उपयोग एका भारतीय कलावंताच्या अस्मितावादी विधानाची मर्यादा दाखविण्यासाठी होऊ शकला. कपोतवर्णाला करुणाचे स्थान देणारी परंपरा राय यांचे चित्र आपलेपणाने वाचू शकते, आणि समनरच्या त्या चित्रातील काळ्या सुटाकडे व पांढऱ्या कोटाकडेही रंग म्हणूनच पाहू शकते. तसे पाहिले की, त्या दोन माणसांतील अंतर छटांचे उरत नाही. ते इतिहासाचे ठरते, आणि चित्र वाचणाऱ्याला त्याचा हिशेब द्यावा लागतो.